माहेरची तलंग

माझ्या सासरी जिवंत असेपर्यंत कोंबडी आणि शिजल्यावर चिकन, एवढ्या दोन शब्दांवर सगळं भागत होतं. बाजारात गेलं की आणखी दोन-तीन शब्द मिळायचे, गावठी, इंग्लिश, बॉयलर, पण तेही खाणाऱ्याच्या सोयीचे. कोंबडीला स्वतःचं काही वय असतं, आयुष्यात काही पायऱ्या असतात, हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. अर्थात त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. लग्न होईपर्यंत मीसुद्धा त्याच माळेतला मणी होते.

माझं माहेर अकलोलीच्या अलीकडचं. थोडी भातशेती, मागे परस आणि परसात आईच्या कोंबड्या. वडील लवकर गेले, तेव्हापासून आई, भाऊ आणि मी असे तिघंच होतो. आई गरीब स्वभावाची होती, पण कोंबडीच्या नावात कुणी घोळ घातला की तिचं डोकं फिरायचं. अंड्यातून निघालं ते पिल्लू. ते वाढून नर-मादी कळायला लागलं की मादी ती तलंग. तलंगीने पहिलं अंडं घातलं की मग ती कोंबडी. अंडी घालायची थांबून खुराड्यात अंग फुगवून बसली की खुडूक. पिल्लं घेऊन परसात फिरायला लागली की लेकुरवाळी. मी शाळेतून यायचे आणि विचारायचे, "आई, ती काळी कोंबडी कुठेय गं?" आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "कोंबडी न्हाय ती, तलंग हाय. अजून अंडं कुठं घातलंय तिनं? पोर झाल्याबिगर बाईला आय म्हनतात काय?"

मी म्हणायचे, खायचंच आहे तर नावं कशाला हवीत इतकी. इंग्रजीच्या पुस्तकात हेन होती, कॉक होता, चिक होतं. तलंगीचा पत्ताच नव्हता. मी आईला सांगितलं की इंग्रजीत तलंग नसते. ती म्हणाली, "मंग त्यांच्याकडं पिल्लाची एकदम कोंबडी हुते का काय?" मी चिडून पुस्तक मिटलं.

आईला हात लावून कळायचं. खुराड्याच्या अंधारात हात घालायची, एकेकीच्या डोक्यावरून, मानेवरून फिरवायची, पाय मुठीत धरायची आणि बाहेर न काढताच सांगायची, ही तलंग, हा कोंबडा, ही दोन दिवसांत अंड्यावर येणार. आजूबाजूच्या बायका आपली पिल्लं पदरात घालून तिच्याकडे आणायच्या, नर किती आणि माद्या किती ते सांग म्हणून. कोवळ्या वयात दोन्ही सारखीच दिसतात, चांगल्या जाणत्याही फसतात. आई कधी चुकली नाही. ही एकच गोष्ट तिच्याकडे मिरवण्यासारखी होती आणि ती मिरवायचीही.

आईच्या माहेराकडे एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर आईने आपल्या वाणाची एक तलंग द्यायची. कोंबडी नाही, पिल्लू नाही, तलंगच. पिल्लू वाटेत मरतं आणि कोंबडी तर आधीच एका घरची झालेली असते. तलंग मुलीबरोबर नव्या घरात जाते, पहिलं अंडं तिथे घालते आणि त्या घरची होते. आईबरोबर तिच्या आईची तलंग आली होती. आमच्या परसात जेवढ्या म्हणून फिरत होत्या, त्या सगळ्या तिच्या लेकी-नाती. त्यांतली एक आता माझ्याबरोबर येणार होती, तांबडी, शेपटीला काळी. मी म्हटलं, "अगं, काल्हेरला बिल्डिंग आहे, तिसरा मजला. सगळीकडे गोडाऊन आणि ट्रक. ती राहणार कुठे?" आई म्हणाली, "तू ऱ्हाशील तिथं ऱ्हाईल."

वरातीच्या गाडीत ती टोपली मी मांडीवर घेऊन बसले होते. नवरा हसून म्हणाला, "करवली बरी शोधलीस." सासरच्या दारात ओवाळणी झाली आणि कुणीतरी माझ्या हातातून टोपली घेतली. वा, व्याह्यांनी कोंबडीपण पाठवलीय, असं कौतुकाने म्हटलेलं मी ऐकलं. हळद उतरल्यावर घरात पहिलं तिखट जेवण झालं. नव्या सुनेचा मान म्हणून सासूबाईंनी तंगडी माझ्या ताटात वाढली. मी जेवले. चव चांगली होती, तसं मी म्हटलंही. हात धुतल्यावर विचारलं, "मूठभर कण्या मिळतील का? तलंगीला टाकते. सकाळपासून उपाशी असेल ती."

सगळे हसले. वाईट मनाने नाही, लग्नघरात हसतात तसे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेवलीस ती कोण होती मग?"

त्यांचा दोष काढता येत नाही, याचाच मला आजही राग येतो. त्यांच्याकडे मुलीच्या माहेराहून आलेली कोंबडी पहिल्या जेवणाला कापतात. ती मानाची समजतात. ती तलंग आहे असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांच्या घरात तो शब्दच नव्हता. मी मोरीत जाऊन ओकले. नव्या नवरीला दगदग झाली, असं सगळ्यांनी ठरवलं.

पहिल्या रविवारी आईचा फोन आला. फोन बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगाशेजारी. आईने माझी चौकशी केली, मी बरी आहे म्हटलं. मग तिने विचारलं, "तलंग रुळली का गो?"

सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. मी म्हटलं, "हो, रुळली."

तिथून सुरुवात झाली. एक खोटं निभवायला दुसरं लागतं. पुढच्या रविवारी ती काय खाते, त्याच्या पुढच्या रविवारी रात्री कुठे ठेवता. मी तिच्यासाठी बिल्डिंगच्या मागे, वॉचमनच्या खोलीला लागून एक खुराडं बांधलं. माझा नवरा स्वभावाने चांगला, त्याला एकट्याला मी खरं सांगितलं होतं. गोडाऊनमधली ड्युटी संपवून आला की बूट काढता काढता हळूच विचारायचा, "काय म्हणते आपली पोल्ट्री?" सासूबाईंना फोनवरचं अर्धंच ऐकू यायचं, त्यांना वाटायचं मी माहेरच्या कोंबड्यांची विचारपूस करतेय.

पण खोटं बोलायलाही माहिती लागते आणि माझी पाटी कोरी. एकदा मी उत्साहाने सांगितलं, "आई, तलंग खुडूक बसली." पलीकडून आई म्हणाली, "आदी अंडी तं घालूं दे तिला." मी घाईघाईने अंडी घातली. मग ती कोंबडी झाली, मग रीतसर खुडूक बसली. मी म्हटलं, आता पिल्लं निघतील. आईने विचारलं, "कोंबडा कुठला गो?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, वॉचमनचा. "रंगाला कसा हाय?" काळा, मी म्हटलं. "मंग पिल्लं काळी-तांबडी निघतील," आई समाधानाने म्हणाली. नवरा म्हणाला, "वॉचमनला सांगून ठेव बाई. उद्या कुणी विचारलं तर बिचारा गडबडायचा."

जे शब्द आईने लहानपणी कानीकपाळी ओरडून सांगितले आणि माझ्या डोक्यात शिरले नाहीत, ते असे फोनवर चुकत-माकत मी शिकले. मी चुकायचे, ती सुधारायची. वर्ष-दोन वर्षांत माझा कळप चांगला वाढला. घारीने एक पिल्लू नेलं, एक नाल्यात पडलं, बाकीची मोठी झाली. त्यांतून नव्या तलंगी आल्या.

मला मात्र मूल झालं नाही. ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं, वज्रेश्वरीला नवस बोलून झाला. बिल्डिंगमधल्या बायका आधी थट्टेत विचारायच्या, मग काळजीने, आणि शेवटी विचारेनाशा झाल्या. तेच सगळ्यात वाईट. आईनेही एकदाच विचारलं, "काय न्हाय ना अजून?" मी नाही म्हटलं आणि पुढे मला बोलता येईना. सासूबाई समोर बसलेल्या. मग आई म्हणाली, "लेकुरवाळी कशी हाय? कावळ्यांना मारते का?" आणि मी सांगायला लागले. परत तिने तो विषय कधी काढला नाही. रविवार आला की कोंबड्यांचं विचारायची आणि मी बोलत राहायचे.

आई माझ्या घरी कधी आली नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. तिचे गुडघेही दुखायचे, अकलोलीच्या कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची तेवढाच आराम. त्यामुळे माझं खुराडं शाबूत राहिलं. मीच सणावाराला माहेरी जायचे. निघताना आई हातात एक पिशवी द्यायची, घरच्या तांदळाच्या कण्या. "कोंबड्यांना घाल," म्हणायची. पिशवी घेऊन मी काल्हेरला यायचे आणि आम्ही त्या कण्यांची पेज करून प्यायचो. टाकून देणं जिवावर यायचं. स्वच्छ असायच्या कण्या, पांढऱ्याशुभ्र, दाताखाली खडा म्हणून यायचा नाही. नवरा भुरका मारून म्हणायचा, "मजा आहे आपल्या कोंबड्यांची."

मग टीव्हीवर बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या. भिवंडीच्या बाजारात चिकनच्या दुकानांवर कुत्रं फिरकेना. रविवार नसताना आईचा फोन आला. "तुज्या कोंबड्या बऱ्या हायत ना?" मी म्हटलं, सगळ्या बऱ्या आहेत. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं. काय सांगणार? ज्या कधी नव्हत्याच, त्यांच्या जिवाची मला खरोखरच धास्ती वाटली होती.

त्या पावसाळ्यात माहेरी कोंबड्यांवर मर आली. तो फ्लू नव्हता, नेहमीचाच रोग, पण परस रिकामं झालं. माना टाकून एकामागून एक गेल्या. आईच्या आईपासून चालत आलेला वाण संपला. आणि दिवाळीनंतर आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, खायचं ते खाऊ द्या.

माझ्या वहिनीने फोन केला. भोळी बाई, मनाने फार चांगली. म्हणाली, "ताई, तुमच्याकडं आईंच्या वाणाच्या कोंबड्या हायत ना? येताना एक तलंग आणा. परस मोकळं बघून त्यांना लय वाईट वाटतं. डोळ्यांसमोर एक फिरली तर बरं वाटंल त्यांना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

भिवंडीच्या बाजारात गेले. पहिल्याच दुकानात विचारलं, तलंग आहे का. दुकानदार म्हणाला, "वो क्या होता है?" मी म्हटलं, "छोटी मुर्गी, जिसने अभी तक अंडा नहीं दिया." तो पिंजऱ्यातल्या बॉयलरांकडे बघून म्हणाला, "बहन, मेरे यहाँ किसीने नहीं दिया. अंडा देने तक कौन जीने देता है इनको?" पण माझा चेहरा बघून त्याने पुढच्या गल्लीतल्या गावठीवाल्याकडे पाठवलं. तिथे एका पालथ्या पाटीखाली खेड्यातून आलेले पक्षी होते. मला तांबडी हवी होती, शेपटीला काळी. त्याने तशीच एक शोधून माझ्यापुढे धरली. "ये लो, एकदम नई मुर्गी." मी डोक्यावरून हात फिरवला, पाय मुठीत धरले, आई धरायची तसे. मला काहीही कळलं नाही. मी घेतली.

आई पडवीत खाटेवर होती. अंगावर नुसती कातडी उरली होती, फक्त पोट मोठं. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला. वहिनीने तिला मागून आधार दिला आणि मी टोपली उघडून तो पक्षी तिच्या मांडीवर ठेवला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तुऱ्यावरून बोट फिरवलं. मानेची पिसं उलटी केली, सुलटी केली. मग दोन्ही पाय मुठीत घेतले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

वहिनी म्हणाली, "तलंगच हाय ना आई? आपल्याच वाणाची?"

आईने माझ्याकडे बघितलं. "तलंगच हाय," ती म्हणाली. "आपल्याच वाणाची. माज्या आयच्या घरची." आणि वहिनीला म्हणाली, "हिला कापायची न्हाय. परसात फिरूं दे."

मी सुटले. तेव्हा मला तेवढंच वाटलं, की मी सुटले. वहिनी चहा टाकायला आत गेली. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "आता बाकीच्यांचं सांग. काळी कशी हाय?" त्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं. कोण अंड्यावर आहे, कोण खुडूक, कोण कुणाला टोचते, वॉचमनचा कोंबडा कसा माजलाय. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले की म्हणायची, "बोल, बोल." इतकं सलग मी तिच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात ती गेली.

सुतकाचे दिवस चालू होते. दहाव्याला माणसं जमली होती, माझ्या सासूबाईही काल्हेरहून आल्या होत्या. सकाळी अंगणात भांडी घासणं चाललं होतं आणि परसातून एक आवाज आला. घोगरा, अर्धवट, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मग परत. ती तलंग कुंपणावर चढून मान ताणून आरवत होती.

वहिनीच्या हातातलं भांडं खाली पडलं. "अगो बाय, कोंबडी आरवली!" कोंबडी आरवणं म्हणजे घरावर संकट, असं आमच्याकडे मानतात. भाऊ म्हणाला, "अजून कसलं संकट यायचं राहिलंय?" तेवढ्यात माझी मावशी, आईची धाकटी बहीण, परसात गेली आणि त्या पक्ष्याला काखेत धरून घेऊन आली. "कोंबडी कसली? कोंबडा हाय ह्यो. आता कंठ फुटलाय त्याला. तलंग कोन म्हनलं ह्याला?"

"आईच म्हणल्या," वहिनी म्हणाली. "हातात घेऊन बघितलंनी."

मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "कंदी चुकली न्हाय गं माजी बाय. बघा, दुखन्यानं काय केलं तिचं." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. शेवटी शेवटी भान राहत नाही माणसाला, कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, हातातली ताकदच गेली होती.

मी ऐकत उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तो हात होता, मानेची पिसं उलटी-सुलटी करणारा. तिला पहिल्या स्पर्शातच कळलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली तिची एकुलती एक हुशारी तिने माझ्या खोट्यावरून ओवाळून टाकली होती आणि आता सगळे तिला चुकलेली म्हणत होते. ते मला सहन झालं नाही.

"आई चुकली नव्हती," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण सगळे वळले. मग मी सांगितलं. हा कोंबडा बाजारातला आहे. माझ्याकडे खुराडं नाही, वॉचमनकडे कोंबडा नाही. तिने दिलेली तलंग पहिल्याच जेवणाला कापली गेली आणि मीही ती खाल्ली. इतकी वर्षं फोनवर जे सांगत होते ते सगळं मनचं. सासूबाई उभ्या होत्या त्या पायरीवर बसल्या. "मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "कोंबडी म्हणूनच घेतली मी ती." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकदा तरी सांगायचंस गं." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मावशीने कोंबडा खाली सोडला.

तेराव्यानंतर मी काल्हेरला निघाले, तेव्हा वहिनीने एक पिशवी आणून दिली. आईच्या खाटेखाली होती म्हणाली, आईने दुखण्यातच भरून ठेवली होती, तुमच्या कोंबड्यांसाठी. एवढं म्हणून ती ओशाळली आणि पिशवी मागे घ्यायला लागली. मी म्हटलं, राहू दे, दे इकडे. "लय जपून निवडायच्या हो त्या," वहिनी म्हणाली. "सूप मांडीवर घेऊन बसायच्या. दिसायचं न्हाय तरी एकेक खडा बोटानं शोधून काढायच्या. मी म्हनायची, द्या मी करते, तर न्हाय."

मी पिशवीत हात घातला. पांढऱ्याशुभ्र कण्या होत्या, नेहमीसारख्याच. आईच्या परसातल्या कोंबड्यांना आयुष्यात कधी तिने तांदूळ निवडून घातला नाही. कुणीच घालत नाही, कोंबड्या खडे आवडीने टिपतात. मला दिलेल्या पहिल्या पिशवीपासून एकही खडा लागला नव्हता आणि मला एकदाही प्रश्न पडला नव्हता, की हे निवडणं कुणासाठी.

घरी आल्यावर मी पेज केली. रविवार होता. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी फोनशेजारची जागा माझ्यासाठी मोकळी करून ठेवली होती. मी वाटी घेऊन तिथे बसले आणि सगळी पेज प्याले.